परत येणारा डबा

९ जून

फ्रायडेची तारेची गाडी आज थेट हेडमास्तर न्कोलेंच्या बुटावर आदळली. ते नेमके वर्गाच्या दारात उभे. म्हणाले, "शावा, हा सातवीचा वर्ग आहे की बाजार?" म्हटलं, सर, बल शिकवतोय. आणि पोरांना विचारलं — सांगा, गाडी कुठल्या बलाने थांबली? फ्रायडे ताडकन उभा. "हेडमास्तरांच्या, सर!"

उत्तर अगदी बरोबर. पण हसू दाबता दाबता माझा चष्मा घसरला आणि ते त्यांनी पाहिलं. उद्या बोलावणं येणार.

१० जून

आलं. तारा, बुचं, खिळे, सायकलच्या ट्यूबचे तुकडे — यातलं काही कपाटाबाहेर दिसता कामा नये. बरं म्हटलं. कपाट केव्हाच भरलंय हे नाही सांगितलं.

इथला जून म्हणजे ऐन हिवाळा, थंडी मी म्हणतेय. पोरं स्वेटरच्या बाह्यांत बोटं लपवून बसतात. रबर कापायचं म्हटलं की मात्र सगळी बोटं बरोबर बाहेर!

१४ जून

आज एका पोरीने मला शिकवलं. लिहूनच ठेवतो.

कान्यांता. चौदा वर्षांची, खिडकीजवळ बसते, विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. आज मधल्या सुट्टीनंतर दूध-पावडरचा रिकामा डबा घेऊन पुढे आली, जमिनीवर आडवा ठेवला आणि दिला ढकलून. डबा गडगडत फळ्यापर्यंत गेला. थांबला. आणि कुणी हात न लावता उलटा फिरून तिच्या पायाशी आला! वर्गात एकच आरडाओरडा. दोघं तर बाकावर चढले. "करणी आहे, सर, करणी!"

मी झाकण उघडायला हात पुढे केला तर म्हणते, "नको ना, सर. उघडलं की सगळे बघतील. मग विचार कोण करणार?"

सव्वीस वर्षं शिकवतोय. हे मला कधी सुचलं नाही. मग वर्गाचा नियमच केला — डबा उघडायचा नाही. ढकलायचा, बघायचा, कान लावायचा. वागण्यावरून ओळखायचं, आत काय आहे.

मागून कुणीतरी ओरडलं, "आत उंदीर आहे!" दुसरा म्हणाला, "असता तर शावा सरांनी आत्तापर्यंत ठेवला असता का?" पोट धरून हसले मेले. मी एन्गोनी जमातीचा ना! आम्ही उंदीर खातो, असं इथल्या बेम्बांचं म्हणणं. (खातो. चांगले भाजलेले असले तर.)

शेवटी चौथ्या रांगेत उत्तर निघालं. आत मधोमध रबर ताणलेलं, त्याला एक जड नट टांगलेला. डबा फिरतो, नट फिरत नाही, म्हणून रबराला पीळ पडतो. ढकलायला घातलेला जोर त्या पिळात साठतो आणि तोच डब्याला माघारी आणतो. ऊर्जेचा अख्खा धडा एका डब्यात. आणि केलाय तिने एकटीने, मी शिकवलेला नसताना!

१७ जून

घरी येताना बाना न्गोसा भेटली. म्हणजे न्गोसाची आई — इथे बाईला लेकराच्या नावानेच हाक मारतात. माझ्या घरामागे तिचं अंगण. साठी उलटली तरी आवाज असा की अर्धं गाव ऐकतं.

"काय रे उंदीरखाऊ, पोरांना डबे लोळवायला शिकवायचा पगार घेतोस म्हणे?"

"तुमच्यासारखी माकडं खाऊन वाढलेली पोरं, बाना. दुसरं काय शिकवणार?"

रस्त्यावरच्या बायका खो खो. बेम्बा आणि एन्गोनी म्हणजे थट्टेचे सोयरे. आमचे पणजोबा एकमेकांशी लढले, म्हणून आम्ही एकमेकांना काहीही बोलायचं आणि कुणी रागवायचं नाही. एकमेकांच्या वस्तूही पळवायच्या, दंड घेऊनच परत द्यायच्या. मागच्या वर्षी मी तिची कोंबडी पळवली, सुटकेसाठी टोपलीभर भुईमूग घेतला. तिने माझी इस्त्रीची विजार दोरीवरून नेली. तीन दिवस परीटघडीशिवाय काढले मी!

माझ्या बायकोला, थोकोला, पुरलं त्या दिवशीही हीच म्हातारी. तिचाच स्वयंपाकाचा एप्रन घालून खड्ड्याच्या काठावर बसली. "हा एन्गोनी हसल्याशिवाय मी उठायची नाही. माझ्या सोयरिणीला रडक्या माणसाच्या हातची माती नको." सोयऱ्यांचं कामच ते, मयताच्या घरी हसवणं. मला राग आला, मग हसू आलं, मग रडू. पाच वर्षं झाली. त्या दिवशी ती नसती तर मी चिपाटाला, माझ्या मुलखात, परत गेलो असतो, हे खरं आहे. तिला कधी सांगणार नाही.

२८ जून

जिल्ह्याचं पत्र! २६ जुलैला कसामात पोरांनी केलेल्या शास्त्राच्या वस्तूंचं प्रदर्शन. पहिल्या दोन मुलींना तिथल्या मुलींच्या निवासी शाळेत जागा, राहणं-जेवण सगळं धरून. न्कोले स्वतः वर्गात आले आणि डबा तीनदा ढकलून गेले. कपाटाचा विषय नाही!

कान्यांताला म्हटलं, तू जायचंस. मान खाली घालून उभी. मग हळूच, "सर, नट बदलू? याच्यापेक्षा जड हवा."

तिला ही जागा मिळाली पाहिजे. हे पोर इथे चुलीपुढे बसून राहिलं तर मी शिकवायचं सोडून द्यावं.

५ जुलै

तीन दिवस कान्यांता नाही. आज फ्रायडेला विचारलं. कान लाल झाले त्याचे. "ती आत आहे, सर."

समजलो. ती शहाणी झाली, तिचं चिसुंगू सुरू झालं. आता चार आठवडे घराबाहेर नाही, कुणाशी बोलणं नाही. गावातल्या बायका तिला शिकवणार — बाईपण, घर, नवरा. आणि ते शिकवणाऱ्यांची मुख्य कोण? बाना न्गोसा!

म्हणजे २६ तारीख गेली. वर तिच्या आत्याने स्थळ बघून ठेवलंय, सुके मासे विकणारा कोणी. चिसुंगू झालं की लग्न. आत्याच्या शब्दापुढे बाप बोलत नाही, आई तर नाहीच नाही.

८ जुलै

म्हातारीला विहिरीवर गाठलं. थट्टा बाजूला ठेवून बोललो. एक दिवस सोडा पोरीला. सकाळी नेतो, संध्याकाळी आणतो.

"सात वर्षं तुझी शाळा, मास्तर. मला चार आठवडेसुद्धा नकोत?"

"तिचं आयुष्य आहे, बाना!"

"आणि मी काय शिकवते, स्वयंपाकाचे चमचे मोजायला? तू डबे-तारा घेऊन शिकवतोस, मी माती घेऊन शिकवते. मला विचारायला हेडमास्तर येत नाही, एवढाच फरक."

खरंच की! म्बुसा म्हणतात त्यांना — मातीच्या वस्तू, रंगवलेल्या, एकेका वस्तूत एकेक धडा. पुरुषाने बघायच्या नाहीत. आम्ही दोघं एकाच धंद्यातले, हे मला इथल्या अकरा वर्षांत सुचलं नव्हतं. हंडा डोक्यावर घेताना ती म्हणाली, "उद्या आम्ही सगळ्या ओढ्यावर. माझ्या अंगणात पाय टाकशील तर बघ! तुझ्या हातांची खोड ठाऊक आहे मला."

९ जुलै

सुचलं! तिची वस्तू पळवायची आणि दंड म्हणून कान्यांताचा एक दिवस मागायचा. सोयऱ्याने मागितलेला दंड नाकारता येत नाही!

दुपारी गेलो. अंगण झाडून लख्ख. एरवी मुसळ, सुपं, कोंबड्या, सगळा पसारा. आज काहीच नाही. भांडी वाळवायच्या मांडवावर फक्त एक लाल गाठोडं. उचललं. जड, गाडग्याएवढं. काखेत मारून निघालो, शीळ घालत!

वाटेत फ्रायडेची आई सरपण घेऊन येत होती. गाठोडं बघून मोळी खालीच टाकली. "सर! ते... म्बुसा तर नाही ना?"

उघडलं नाही. देवाशपथ उघडलं नाही. टेबलावर ठेवलंय आणि मी खाटेवर बसून त्याच्याकडे बघतोय. कोंबडी पळवणं निराळं आणि हे निराळं. अकरा वर्षं ज्यांच्या ताटात जेवलो, त्यांच्या देवघरात हात घातला मी!

१० जुलै

शाळेच्या व्हरांड्यात सात बायका. पुढे बाना न्गोसा, शेजारी आत्या, हातात उलथनं. न्कोले ऑफिसात आतून कडी लावून बसले.

"चोर! वर शिरजोर! आमच्या पोरीच्या चिसुंगूत पुरुषाचा हात!" म्हातारीचा आवाज असा की पहिलीची पोरं रडायला लागली. मी गाठोडं दोन्ही हातांवर घेऊन गुडघ्यावर बसलो. माझ्या आयुष्यात इतका खाली मी थोकोच्या बापापुढेच बसलो होतो.

"उघडलंस?" म्हातारीने विचारलं.

"नाही."

"जरासुद्धा?"

"जरासुद्धा नाही, बाना. गाठ बघा, तुमचीच आहे."

तिने गाठ बघितली. चेहरा असा पडला की विचारू नका. सुटका वाटली असणार. मग बायकांकडे वळली. "हात लागला, आता हे आपल्या कामाचं नाही. याच्याच डोक्यावर राहू दे. पण दंड घेतल्याशिवाय मी हलणार नाही!" आत्या म्हणाली, "जबर दंड घे." बाकीच्याही तेच म्हणाल्या.

मग दंड ठरला. एक — माझ्या वर्गातली सगळ्यांत लाडकी वस्तू, तो पोरीचा डबा, चिसुंगूच्या घरात जाणार. दोन — २६ तारखेला मी बाना न्गोसाला ट्रकच्या पुढच्या सीटवर बसवून कसामाला न्यायचं, अख्खी कोंबडी खाऊ घालायची आणि ते प्रदर्शन की काय ते दाखवायचं. "आमची वस्तू तू आणलीस, तुमची मी बघणार." बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या. आत्यासुद्धा. उलथनं माझ्या नाकासमोर नाचवून म्हणाली, "दोन कोंबड्या!"

वाचलो. पण पोरीचा दिवस गेलाच. आता डबाही गेला.

११ जुलै

गाठोडं कपाटावर ठेवलं, भिंतीकडे तोंड करून. गाठोड्याला कुठलं तोंड!

१९ जुलै

चिसुंगूच्या घरावरून जाताना आतून गडगड आवाज. थांबला. परत गडगड. मग बायकांचा हसण्याचा कल्लोळ. मी चपलेत खडा गेल्यासारखं करून उगाच तिथे उभा राहिलो.

२६ जुलै

कसामा. आजचं सगळं लिहितो, हात दुखला तरी.

म्हातारी पुढच्या सीटवर, नवा चितेंगे — कमरेला गुंडाळायचं रंगीत कापड — नेसून, मांडीवर डबा. मी मागे मक्याच्या पोत्यांवर. हॉलमध्ये तीस-चाळीस पोरं — पवनचक्क्या, तारांच्या गाड्या, नळीची कारंजी. ती सरळ गेली आणि एका मोकळ्या टेबलामागे उभी राहिली. मी म्हटलं, बाना, हे पोरांसाठी आहे. "तू कोंबडीची सोय बघ."

परीक्षक एक तरुण बाई, कसामाचीच. हातात कागद. "आजी, मूल कुठाय?"

"आत आहे."

"आत म्हणजे?"

"जिथे तूही एकदा होतीस."

त्या बाईचं पेन थांबलं.

"चिसुंगूतल्या पोरीने बोलायचं नसतं, तिच्या वतीने तिला शिकवणारी बोलते. माहीत आहे ना? मग विचार. तिला बघता येत नाही, तसंच याच्या आतलंही बघता येत नाही. उघडायचं नाही. ढकल आणि वागणं बघ."

परीक्षक खाली बसली, सँडल काढून! डबा ढकलला. टेबलाखालून पार भिंतीपर्यंत गेला, थांबला, आणि पोरांच्या पायांतून वाट काढत म्हातारीच्या पावलांशी आला.

"का परत येतो, आजी?"

"आत एक जड आहे. बाकी सगळं फिरतं, ते फिरत नाही. जितकं लांब जाईल तितका पीळ. तो पीळच परत आणतो. पोरीने मला चारदा सांगितलं. पाचव्यांदा मी तिला सांगितलं, तेव्हा म्हणाली, आता बरोबर."

मी खांबामागे उभा होतो. रडलो. वहीपासून काय लपवायचं!

परीक्षकाने लिहून दिलं — पोर बाहेर आली की स्वतः गावात येऊन तिला प्रश्न विचारणार, मग निर्णय.

कोंबडी दोघांत एक खाल्ली. दुसरी म्हातारीने आत्यासाठी बांधून घेतली. परतताना ट्रकमध्ये विचारते, "उघडलंस?" म्हटलं, "छे! शब्द म्हणजे शब्द." तोंड फिरवून झोपली.

३ ऑगस्ट

कान्यांता बाहेर आली. तेल लावलेली, नवं कापड, मान खाली, गाव नाचतंय. माझ्यासमोरून जाताना हळूच, "सर, तो जड नट घातला." बस्स. एवढंच.

२० सप्टेंबर

परीक्षक येऊन गेली. एक तास प्रश्न. शेवटी कान्यांतानेच तिला तीन विचारले. दुसऱ्याचं उत्तर बाईंना आलं नाही.

आत्या कुरकुरली — मासेवाल्याला काय सांगू? बाना न्गोसा कडाडली, "मी कसामात मोठ्या माणसांपुढे पोरीच्या वतीने बोलले. मला खोटी पाडतेस?" आत्याने पुढे शब्द काढला नाही. कोंबडी खाल्ली होती ना!

२४ ऑक्टोबर

परीक्षा सुरू. म्हातारी कुंपणावरून: "उघडलंस?" "नाही!" "कसला रे सोयरा तू!" गेली तणतणत. पारखतेय मला. पारखू दे.

१८ डिसेंबर

जागा मिळाली! मिळाली! न्कोलेंनी घंटा वाजवली, सुट्टीतसुद्धा. आंब्याखाली सगळं गाव. फ्रायडेने मला उचलायचा प्रयत्न केला. बल कमी पडलं.

१० जानेवारी

कान्यांता निघाली. पत्र्याची पेटी, वर तो डबा. सगळ्यांच्या पाया पडून झाल्यावर माझ्याकडे आली. "सर, अजून नाही उघडलंत?"

"तूही? ती तुमची वस्तू आहे, पोरी. पुरुषाने बघू नये."

ती तोंडावर हात दाबून हसली. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर मोठ्याने हसली. "आजी म्हणतात, शास्त्राचा मास्तर आणि सहा महिने गाठोडं नुसतं बघत बसलाय! उघडा, सर. आजींनी सांगितलंय." ट्रक सुटला. बाना न्गोसा धुरळ्यात उभी होती, डोळे पुसत. मला बघून म्हणाली, "धूळ गेली."

११ जानेवारी

उघडलं.

मातीचा उंदीर. नाकावर तारेचा चष्मा! तारेचं ते वळण कान्यांताचं, मी झोपेतही ओळखीन. शेपूट सायकलच्या ट्यूबचं, माझ्याच कपाटातलं.

म्हणजे म्बुसा नव्हतंच ते. घरात बसून दोघींनी केला हा. मुसळ, कोंबड्या आत नेऊन अंगणात हे एकच ठेवलं, मी पळवावं म्हणून. मी चोर ठरलो तरच दंड लागणार, आणि दंड लागला तरच आत्याच्या तोंडून कसामाला हो येणार. सहा महिने विचारत होती बिचारी, उघडलंस, उघडलंस — आणि मी पोरांना शिकवतो, वागण्यावरून ओळखा!

जातोच आता. तिची कोंबडी पळवायला.